विम्बल्डनहून, एका गाण्याबद्दल

प्रिय मन्या,

गेल्या रविवारी तू फोनवर जे बोललास ते डोक्यातून जातच नाहीये. काकू गेल्यापासून घरात शिरलास की आधी टीव्ही लावतोस, बघत नाहीस, नुसता आवाज पाहिजे म्हणून, आणि मग हळूच म्हणालास की आवाज बंद झाला की मला माझीच भीती वाटते रे. मी तेव्हा काहीच बोललो नाही. इकडे आठ वाजले होते, तुझ्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि मी काहीतरी जेवणाबिवणाचं विचारून विषय बदलला. ते मला फार लागलंय. खरं तर तू ते वाक्य बोललास तेव्हा मला लगेच एक गाणं आठवलं होतं, पण अशा वेळी माणसाला गाणं काय सांगायचं असं वाटून गप्प बसलो. आता पाच दिवस विचार करून ठरवलं की सांगायचंच, आणि फोनवर नको, लिहूनच. लांबलचक होणारे, चहा घेऊन बस.

बँडचं नाव द साउंड. गाणं आय कान्ट एस्केप मायसेल्फ. म्हणजे मला माझ्यापासून सुटता येत नाही. १९८० च्या नोव्हेंबरात त्यांचा जेपर्डी नावाचा पहिला अल्बम आला, त्यातलं हे अगदी पहिलं गाणं. आपण हॉस्टेलवर असताना जॉय डिव्हिजनपर्यंत पोचलो होतो, तुझ्या त्या कॉपी केलेल्या कॅसेटी आठव, द क्युअर होतं, एको अँड द बनीमेन पण होतं बहुतेक. हे लोक मात्र आपल्यापर्यंत आलेच नाहीत. आणि तो फक्त आपला दोष नाही, ते इथे इंग्लंडमध्ये पण फारसे कुणापर्यंत पोचले नाहीत. त्यांचं एकही गाणं टॉप ४० मध्ये गेलं नाही. इथल्या म्युझिकच्या साप्ताहिकांनी पहिल्या दोन्ही अल्बमचं भरभरून कौतुक केलं होतं, पण दुकानात जाऊन रेकॉर्ड विकत घेणारे लोक आलेच नाहीत. कोरोवा नावाच्या ज्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे, हे होते त्याच लेबलवर बनीमेन पण होते बघ. ते मोठे झाले, हे राहिले.

आता गाणं कसंय ते सांगतो, आणि हे तू बास वाजवणारा माणूस आहेस म्हणून सांगतोय. सुरुवातीला जवळजवळ काहीच नाहीये. ड्रम्स एकदम कोरडे, मोजून मारलेले, मायकेल डडली नावाचा ड्रमर आहे, तो कुठेच हात मोकळा सोडत नाही. आणि त्याच्यावर ग्रॅहम बेलीचा बास, थोडे स्वर, परत परत तेच, बंद खोलीत कुणीतरी इकडून तिकडे येरझाऱ्या घालतंय ना तसे. गिटार असून नसल्यासारखी. आणि मग तो गायला लागतो, ॲड्रियन बोरलंड, आणि गायला लागतो म्हणजे काय, बोलतोच, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असताना आपण जसे दबक्या आवाजात बोलतो तसं. तुझ्या लक्षात येईल की त्या आवाजात रडणं अजिबात नाहीये. तो सांगतोय. आत खूप काही साठलंय म्हणतो, आणि पुढची ओळ अशी की एकटा उरलो की ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते त्याच्याचबरोबर उरतो.

हीच ती ओळ मन्या. तू रविवारी जे बोललास ते हेच.

मग म्हणतो की स्वतःला समजावून समजावून कंटाळलो, आता ही कातडीच झटकून टाकावीशी वाटते. आणि तिथे एकदम सगळं फुटतं. इतका वेळ हात आखडून बसलेली गिटार अंगावर येते, ड्रम्स येतात, आणि तो फक्त 'आय' म्हणतो, म्हणजे 'मी', आणि तो 'मी' असा फेकतो की पुढचं वाक्य येईपर्यंत तुझा श्वास अडकतो. मी. मग मोकळी जागा. मग पुन्हा मी, आणि मग ते वाक्य. आणि एवढा स्फोट झाल्यावर तुला वाटतं की आता सुटला, आता गाणं धावणार, तर नाही, पुन्हा सगळं खाली बसतं आणि तोच बास, त्याच येरझाऱ्या, जिथून निघाला होता तिथेच परत. मला वाटतं या गाण्याची सगळी करामत इथे आहे. शब्दात जे म्हणतोय तेच चाल करून दाखवते. पळायला गेला, भिंतीवर आदळला, परत खोलीत. चारेक मिनिटांचं गाणं आहे, त्यात हे पुन्हा पुन्हा होतं आणि दर वेळी मला वाटतं की या वेळी सुटेल.

दुसऱ्या कडव्यात दोन गोष्टी आहेत ज्या मला फार आवडतात. एक म्हणजे अडचणी आहेत त्यापेक्षा मोठ्या दिसायला लागल्यात आणि आता यातला आणखी एक तुकडा गिळवत नाही असं तो म्हणतो. बघ, दुःखाला त्याने समुद्र वगैरे नाही म्हटलं, अंधार नाही म्हटलं, ताटातला घास केलाय. दिवस कार्याच्या वेळी तुझ्या समोर पान वाढलेलं होतं आणि तू भाताची मूद बोटाने नुसती फोडत बसला होतास, ते मला व्हिडिओ कॉलवर दिसलं होतं, मी तेव्हा काही बोललो नाही. ही ओळ ऐकली की आता मला तेच दिसतं. आणि दुसरी गोष्ट सावलीची, की माझी सावली माझ्या प्रत्येक पावलाला वेडावून दाखवते. लहानपणी आपण सावलीच्या पुढे पळायचा प्रयत्न करायचो ना, ग्राउंडवर संध्याकाळी? त्याच खेळातली मजा सगळी काढून घेतली तर जे उरेल ते.

आणि आता मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. या गाण्यात दुसरं कुणीच नाही. एक मुलगी सोडून गेली असं नाही, नोकरी नाही, शहर नाही, पाऊस नाही, सरकार नाही. त्या काळातलं इंग्लंड आठव, थॅचरबाई नुकत्याच आल्या होत्या, कारखाने बंद पडत होते, मँचेस्टर शेफिल्डकडच्या बँड्सची गाणी ऐकताना तुला मागे ती गोदामं आणि ते पूल दिसतात. हा पोरगा मात्र लंडनच्या नैऋत्येचा, विम्बल्डनचा. चांगल्या घरातला. वडील भौतिकशास्त्रज्ञ, आईवडिलांचा पोराच्या गाण्याला पूर्ण पाठिंबा, इतका की द साउंडच्या आधी याचा द आउटसायडर्स नावाचा पंक बँड होता तेव्हा घरातच रेकॉर्डिंग चालायचं, आणि १९७७ साली त्यांनी स्वतःच्याच लेबलवर अख्खा अल्बम काढला, जेव्हा कुणी पंकवाले असं स्वतःचं स्वतः करत नव्हते जवळजवळ. म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवावं असं काहीच नाही. आणि तरी हे गाणं. मला वाटतं म्हणूनच ते इतकं खरं वाटतं, कारण त्याने कुणावर ढकललं नाही. मी आणि मी, बस.

जेपर्डी आला तेव्हा त्याला तेवीस पण पूर्ण झाले नव्हते. आपण तेवीसचे असताना काय करत होतो आठव, कॅम्पसच्या मुलाखती देत फिरत होतो.

ऐकताना मला सारखे तुकोबा आठवत होते. वृक्षवल्ली मध्ये शेवटी येतं ना, तुका म्हणे होय मनासी संवाद, आपुलाचि वाद आपणांसी. काकू सकाळी म्हणायच्या, मी तुमच्याकडे राहायला आलो की ओट्यापाशी त्यांचा आवाज यायचा, फोडणीचा वास आणि वृक्षवल्ली, ते माझ्यात एकत्रच बसलंय. पण बघ, तुकोबांना तो एकांत रुचतो. तिथे झाडं आहेत, पक्षी आहेत, आणि मग स्वतःशी वाद घालायला बसले तरी सुखाने बसलेत. बोरलंडच्या खोलीत एक झाड नाही. वाद तोच, आपुलाचि आपणांसी, पण सोबतीला कुणी नाही आणि दार बाहेरून बंद. मला आता वाटतं की या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वेगवेगळ्या दिवसांत असतात. तुझ्यात मी दोन्ही पाहिल्यात. आंबोलीला पावसात तू दोन तास एकटाच दगडावर बसून होतास आणि तुला हाका मारून मारून आम्ही दमलो होतो, तो पण तूच ना.

अल्बम पूर्ण ऐकशील तर तुला अजून एक कळेल. या गाण्याला लागूनच हार्टलंड येतं, एकदम जोरात, धावत, कीबोर्ड घेऊन, बाय मार्शल नावाची मुलगी वाजवायची तेव्हा, म्हणजे पहिल्या गाण्यातली कोंडी दुसऱ्या गाण्यात दार तोडून बाहेर येते. आणि रेकॉर्डच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं मिसाइल्स. १९७९ च्या डिसेंबरात नाटोने ठरवलं होतं की अमेरिकन क्रूझ मिसाइल्स युरोपात आणि इंग्लंडमध्ये आणून ठेवायची, लोक खरंच घाबरलेले होते, आणि हा पोरगा ओरडून विचारतो की ही मिसाइल्स काय करू शकतात हे माहीत असून ती बनवतं तरी कोण. तर एका बाजूवर, पाच गाण्यांत, स्वतःच्या कातडीच्या आतून निघून तो तिथपर्यंत जातो. ज्याला स्वतःची भीती वाटते त्याला जगाचं काही पडलेलं नसतं असं लोक म्हणतात, ते चूक आहे. काकू आयसीयूत असताना शेजारच्या बेडवरच्या म्हाताऱ्याच्या मुलाला तू रोज डबा आणून देत होतास.

पुढचा अल्बम फ्रॉम द लायन्स माउथ, १९८१ चा. कव्हरवर ब्रिटन रिव्हियर या चित्रकाराचं सिंहांच्या गुहेतल्या डॅनियलचं चित्र आहे, सगळे सिंह समोर आणि माणूस उभा. त्याचं पहिलं गाणं विनिंग. आणि त्यात तो सांगतो की मी बुडायलाच निघालो होतो आणि मग पोहायला लागलो. त्याच माणसाने, एका वर्षात. मला हे सांगताना अंगावर काटा येतो, कारण लोक याला फक्त पहिल्या गाण्याचा माणूस समजतात, उदास, काळा, वगैरे. तो पोहत होता रे. खूप वर्षं पोहला. तिसऱ्या अल्बमच्या वेळी रेकॉर्ड कंपनीला जरा खपेल असं काहीतरी हवं होतं, यांनी ऑल फॉल डाउन नावाचा आधीपेक्षाही अवघड अल्बम करून दिला, १९८२ मध्ये, आणि कंपनीशी संबंध संपला. पुढे छोट्या लेबलवर गेले, हॉलंडमध्ये लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, तिथल्या रेडिओसाठी झालेल्या त्यांच्या कार्यक्रमांच्या पुढे पाच सीडी निघाल्या. १९८८ ला बँड संपला. मधल्या काळात कीबोर्डवर मार्शलच्या जागी कोल्विन मेयर्स आला होता, सगळे त्याला मॅक्स म्हणायचे, तो १९९३ मध्ये एड्सने गेला.

आणि बोरलंडला स्किझोअफेक्टिव्ह नावाचा मनाचा आजार निघाला. हे मला तुला सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले, पण तू गाणं ऐकलंस की नाव शोधणारच, मग माझ्याकडून कळलेलं बरं. तो आजारपणातही गात राहिला, एकट्याचे पाच अल्बम काढले, सहाव्याचं काम चालू होतं. २६ एप्रिल १९९९ ला त्याने आपलं आयुष्य संपवलं. एक्केचाळीस वर्षांचा होता. इथे, विम्बल्डन स्टेशनवर.

मी रोज त्याच स्टेशनवरून जातो मन्या. आपल्याला विम्बल्डन म्हटलं की टेनिस, आणि इथे राहायला आलो तेव्हा बाबांनी पण फोनवर पहिलं तेच विचारलं होतं, सेंटर कोर्ट किती लांब. मला चार वर्षं काहीच माहीत नव्हतं. ऑफिसला वॉटर्लूची गाडी पकडायची, कॉफी, लॅपटॉपची बॅग, गर्दी. मग एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात जेपर्डी हातात आली, घरी येऊन लावली, आणि नंतर त्या माणसाबद्दल वाचलं. दुसऱ्या दिवशी प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो तर पाय जड झाले होते. मी गाणं लावलं. विम्बल्डनला सुरू केलं की अर्ल्सफील्ड येईस्तोवर जवळपास संपतं. तेवढ्या वेळात खिडकीबाहेर घरांची मागची बाजू दिसते, वाळत घातलेले कपडे, मुलांच्या घसरगुंड्या, एका अंगणात एक बाई रोज पाळलेल्या सशाला काहीतरी खायला घालत असते. आणि कानात तो म्हणत असतो, मी. मग मोकळी जागा.

त्या दिवसापासून मी ठरवलं की हे गाणं त्याच्या शेवटावरून उलटं ऐकायचं नाही. लोक तसंच ऐकतात, की बघा, याला आधीच माहीत होतं. मला ते पटत नाही, मला त्याचा रागच येतो. १९८० चा तो पोरगा गाणं लिहीत होता, तिघा मित्रांबरोबर खोलीत उभा राहून ड्रम्स कुठे थांबवायचे, गिटार किती वेळ दाबून ठेवायची हे ठरवत होता. ज्याला स्वतःबद्दलची सगळ्यात अवघड गोष्ट इतक्या स्वच्छ मांडता येते, आणि दुसरे तिघे जण ती त्याच्याबरोबर वाजवतात, तो त्या क्षणाला एकटा नसतो. त्या रेकॉर्डमध्ये चार जण आहेत, हे मला दर वेळी ऐकू येतं. बास ऐक तू, तुला माझ्यापेक्षा जास्त ऐकू येईल. गाणारा म्हणतोय मी एकटा आहे आणि बासवाला एक सेकंद पण त्याला सोडत नाही.

मी तुला हे औषध म्हणून पाठवत नाहीये. काउन्सेलरकडे जायचं तू ठरवलंयस ते सोडू नकोस, मंगळवारची वेळ घेतलीयस ना, ती चुकवायची नाही, मी त्या रात्री फोन करून विचारणारे. आणि रात्री एकट्याने हेडफोन लावून हे ऐकू नकोस प्लीज, हे मी मनापासून सांगतोय. दिवसा ऐक. किंवा त्यापेक्षा असं कर, शनिवारी तुझ्या संध्याकाळी साडेपाचला मी फोन करतो, तेव्हा माझ्याकडे दुपार असेल, दोघं एकदमच लावू. तू तिकडे, मी इकडे. संपेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. आणि मग तुला हवं ते बोल. रविवारी जे अर्धं राहिलं ते पण बोल. या वेळी मी जेवणाचं विचारून पळणार नाही.

मला वाटतं तुला जे होतंय ते लाजण्यासारखं नाहीये. तू ते वाक्य बोललास आणि लगेच म्हणालास जाऊ दे रे, काहीतरीच बोलतोय. काहीतरीच नव्हतं ते. विम्बल्डनच्या एका पोराने तेच वाक्य घेऊन त्याच्यावर आख्खं गाणं उभं केलं, अल्बममधलं सगळ्यात पहिलं, म्हणजे दार उघडल्या उघडल्या तेच समोर यावं असं. त्याला ते लपवावंसं वाटलं नाही.

आणि अजून एक. तुझा बास माळ्यावर आहे ना अजून? त्या निळ्या चादरीत गुंडाळलेला, काकूंनीच गुंडाळून ठेवला होता, मुंग्या लागू नयेत म्हणून डांबरगोळ्या पण टाकल्या होत्या त्यात. तो शनिवारच्या आधी खाली काढ. तारा गंजल्या असतील, नवीन टाकून घे, मी पैसे पाठवतो म्हटलं तर चिडशील म्हणून नाही पाठवत. या गाण्याचा बास अवघड नाहीये, दोनतीनदा ऐकलास की हाताला येईल. अवघड आहे ते त्या जागा रिकाम्या ठेवणं, आणि तुला तेव्हाही जागा भरायची घाई असायची, सर ओरडायचे तुला. मी गिटार लावून ठेवतो. फोनवर आवाज पुढेमागे येईल, येऊ दे.

शनिवारी, साडेपाच.

तुझाच,
अव्या